टॉवर आला म्हणजे गिऱ्हाईक आलं का? गिरणगावात गाळा घेण्याआधी

"भाड्याचा गाळा कसा निवडावा" या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त प्रश्न एकाच प्रकारचे आले. लालबाग, परळ, करी रोड, लोअर परळ, शिवडी या भागातल्या लोकांचं म्हणणं साधारण असं: "सर, आमच्या चाळीशेजारी चाळीस मजल्यांचा टॉवर होतोय. मोठे लोक राहायला येणार. आत्ताच समोरचा गाळा पकडून ठेवू का?"

व्हिडिओत याला दोन मिनिटं दिली होती. विषय दोन मिनिटांचा नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. वस्ती बदलायला लागली की सगळ्यात आधी भाडं वाढतं. गिऱ्हाईक खूप नंतर येतं. या दोन्हीच्या मधला काळ कोणाच्या खिशातून जातो? दुकानदाराच्या. गिरणगावात हे गेली पंचवीस वर्षं डोळ्यांसमोर घडतंय, त्यामुळे अंदाज बांधायला आपल्याकडे भरपूर साहित्य आहे.

आधी काय होतं, मग काय झालं

मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला काढली. पुढे गिरण्यांच्या भोवती चाळी उभ्या राहिल्या, आणि चाळींच्या खाली दुकानं. तीन पाळ्यांत गिरणी चालायची, त्यामुळे रस्ता पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत जागा असायचा. कोकण-घाटावरून एकटे आलेले कामगार जेवायचे कुठे? चाळीतल्या बायका चालवत होत्या त्या खानावळीत. या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. आज आपण ज्याला मायक्रोफायनान्स म्हणतो ना, ते काम या भागात पन्नास वर्षांपूर्वी सुरू झालं होतं.

मग १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप झाला. सुमारे अडीच लाख कामगार. गिरण्या परत पूर्वीसारख्या चालल्याच नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती राहिली. बांधकाम असलेली जमीन, म्हणजे गिरणीच्या आवाराचा बराच मोठा भाग, वाटणीतून सुटला. प्रकरण कोर्टात गेलं. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये दुरुस्तीच्या विरोधात कौल दिला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. तिथून पुढे टॉवर उभे राहायला कोणी थांबवणारं नव्हतं.

दुकानदाराच्या नजरेने यातला एक व्यवहार बघा. लोअर परळच्या मुंबई टेक्स्टाइल मिलची साधारण १७ एकर जागा डीएलएफने २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडून ७०२ कोटींना घेतली. २०१२ मध्ये तीच जागा लोढा समूहाला सुमारे २,७२७ कोटींना विकली. मधली सात वर्षं त्या जागेत एकही कुटुंब राहायला आलं नाही. जमिनीची किंमत जवळपास चौपट झाली, पण समोरच्या वाण्याचा एक किलो तांदूळही त्यामुळे जास्त गेला नाही. २००५ ला "आता इथे श्रीमंत लोक येणार" म्हणून समोर जास्त भाड्याने गाळा घेणाऱ्याने ती सात वर्षं कशावर काढली असतील, तुम्हीच हिशोब करा.

'लॉफ्ट' आणि 'बुटीक' म्हणजे नक्की काय

हे दोन शब्द हल्ली प्रत्येक ब्रोशरवर असतात, म्हणून थोडक्यात. आपल्या दुकानदारांच्या भाषेत लॉफ्ट म्हणजे पोटमाळा, जिथे दिवाळीचा उरलेला माल आणि जुना गल्ला ठेवतात. बिल्डरच्या भाषेतला लॉफ्ट न्यूयॉर्कहून आला. तिथल्या सोहो भागातले कारखाने बंद पडले, मोठमोठे मजले रिकामे झाले, चित्रकार वगैरे मंडळी स्वस्तात तिथे राहायला लागली. १९७१ मध्ये शहराने कलाकारांना तिथे राहायची परवानगी दिली, आणि १९८२ मध्ये अशा रहिवाशांना संरक्षण देणारा लॉफ्ट कायदा आला. म्हणजे ज्या वर्षी आपल्याकडे संप झाला, त्याच वर्षी. फरक एवढाच की तिथे कारखान्याची इमारत राहिली आणि आत माणसं आली. आपल्याकडे बऱ्याच गिरण्या पाडल्या गेल्या. कमला मिल, मथुरादास मिल, रघुवंशी मिल, तोडी मिल अशा काही आवारांत जुन्या शेड राहिल्या, पण त्यांत घरं नाही झाली. ऑफिसं, हॉटेलं, शोरूम झाली. त्यामुळे इथे "लॉफ्ट" लिहिलेलं दिसलं तर बहुतेक वेळा ते नव्या इमारतीतलं उंच छताचं घर असतं.

'बुटीक' इमारत म्हणजे छोट्या प्लॉटवरची, मोजक्या घरांची इमारत. एखादी जुनी चाळ किंवा दोन-तीन इमारती पाडून तिथे जुने भाडेकरू आणि वर विक्रीची थोडी महागडी घरं. लालबाग-परळच्या आतल्या गल्ल्यांत आता हीच जास्त होतायत, आणि आपल्यासारख्यांचा संबंध मोठ्या टॉवरपेक्षा यांच्याशीच जास्त येतो.

डोकी मोजा, मजले नाही

समजा, चार मजल्यांची चाळ आहे, मजल्यावर वीस खोल्या. ऐंशी खोल्या, घरटी पाच माणसं धरली तर चारशे माणसं. ही माणसं दूध, पाव, कोथिंबीर, रिचार्ज, इस्त्री या सगळ्यासाठी दिवसातून दोनदा खाली उतरायची. आता विक्रीच्या घरांचा चाळीस फ्लॅटचा टॉवर घ्या. घरटी तीन माणसं, सगळे फ्लॅट भरलेले: एकशेवीस माणसं. त्यातही काही फ्लॅट गुंतवणुकीचे, कुलूपबंद. आणि जे राहतात ते गाडीत बसून पार्किंगमधून थेट बाहेर पडतात, दूध-भाजी दहा मिनिटांत ॲपवरून गेटवर येते. फुटपाथवर त्यांचा पायच लागत नाही.

म्हणून मी सांगतो, रात्री नऊ वाजता टॉवरसमोर उभे राहा आणि दिवे लागलेल्या खिडक्या मोजा. इमारतीला ओसी मिळून दोन वर्षं झाली तरी निम्म्या खिडक्या अंधारात असतील तर ब्रोशरवरचा आकडा विसरा. हे काम फुकटातलं आहे, एका दिवसात होतं, आणि तरी शंभरातला एखादाच करतो.

टॉवरवर धंदाच होत नाही असंही नाही. तिथे पैसे खर्च होतातच, फक्त आपण ज्याला गिऱ्हाईक समजतो तो वेगळाच निघतो. मोठ्या टॉवरमध्ये सिक्युरिटी, हाऊसकीपिंग, लिफ्टमन, ड्रायव्हर, स्वयंपाक-धुणीभांडी करणाऱ्या ताई अशी बरीच माणसं रोज कामाला येतात. ती पायी येतात, रस्त्यावर चहा पितात, दुपारी जेवतात, मोबाईल दुरुस्त करून घेतात, मुलांची वह्या-पुस्तकं जाता जाता घेतात. टॉवरमध्ये राहणाऱ्यापेक्षा टॉवरमध्ये काम करणारा माणूस तुमच्या गाळ्यासमोरून जास्त वेळा जातो. त्याच्या खिशाला परवडेल असं काही विकत असाल तर वेगळा हिशोब मांडा.

राहणाऱ्यांकडून जो धंदा मिळतो, तो ॲपला न जमणाऱ्या कामांचा. कपडे अल्टर करणं, पडदे, डासांच्या जाळ्या, एसी सर्व्हिसिंग, कुंड्या आणि झाडांची देखभाल, ड्रायक्लीनिंग, घरगुती डबा, सणावाराचा फराळ. या धंद्यांना मेन रोडवरचा गाळा लागतोच असं नाही. सोसायटीच्या मॅनेजरशी ओळख, गेटवर नाव नोंदलेलं, जीएसटीचं नाही तरी नीट छापलेलं बिल, आणि दिवाळीत क्लब हाऊसमध्ये दोन दिवसांचा स्टॉल. आतल्या गल्लीतून हे सगळं होतं.

आणि एक खिडकी असते जी लोक हमखास चुकवतात: ताबा मिळाल्यानंतरचं पहिलं वर्ष-दीड वर्ष. त्या काळात घराघरांत इंटिरिअरचं काम चालतं. प्लायवूड, हार्डवेअर, इलेक्ट्रिकल, रंग, सफाई यांना तेव्हा चांगला धंदा असतो. नंतर तो आटतो. हार्डवेअरवाल्याने तिथे पाच वर्षांचा गाळा घेण्याआधी पुढच्या गल्लीत दुसरी इमारत कधी पूर्ण होतेय ते बघायला हवं. ते कळतं कुठे? महारेराच्या संकेतस्थळावर. प्रकल्पाचं नाव टाका. पूर्ण होण्याची प्रस्तावित तारीख, एकूण घरं किती, त्यातली बुक किती झाली, हे सगळं तिथे दिसतं. तारीख पुढे ढकललेली आहे का तेही दिसतं. बिल्डरच्या माणसाला विचारण्यापेक्षा हे बरं.

या सगळ्यात तिसऱ्या प्रकारची दुकानं आहेत, आणि मला सगळ्यात जास्त शिकवलंय त्यांनी. लालबागची मसाला गल्ली बघा. मार्च ते मे मध्ये मुंबईभरातून बायका मिरच्या निवडायला, मसाला कुटून घ्यायला तिथे येतात. चिवडा गल्लीचंही तेच. यांचं गिऱ्हाईक शेजारच्या इमारतीत कोण राहतं यावर ठरतच नाही. माल असा आहे की माणूस लोकल पकडून येतो. हे एका वर्षात होत नाही, मान्य.

एका ताईंचा हिशोब

आमच्या बॅचमधल्या एका ताईंना करी रोडला पोळी-भाजी केंद्र काढायचं आहे. नवऱ्याला कंपनीतून निवृत्तीचे जे पैसे मिळाले त्यातले सात लाख यात घालायची तयारी. त्यांनी दोन गाळे आणले. आकडे त्यांचेच, मी फक्त मांडून दाखवले.

पहिला गाळा मेन रोडवर, नव्या टॉवरसमोर. भाडं ४५,०००. मालक जीएसटी नोंदणीकृत, म्हणजे वर १८ टक्के, ५३,१०० झाले. ताईंची स्वतःची जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे ते १८ टक्के परत मिळणार नाहीत. वीज ६,०००. दोन मदतनीस २६,०००. फर्निचर, ओटा, चिमणी यांचे चार लाख. करार तीन वर्षांचा, म्हणून छत्तीसने भागले तर महिना साधारण ११,०००. तीन लाख डिपॉझिटवर महिना एक टक्का धरला तर ३,०००. एकूण ९९,१००. हो, डिपॉझिटचं व्याज आणि फर्निचर धरायचंच. ते न धरल्यामुळे "धंदा चालतो पण पैसे दिसत नाहीत" असं होतं.

ऐंशी रुपयांच्या डब्यामागे सामान, गॅस आणि पॅकिंग जाऊन ३५ रुपये उरतात. ९९,१०० भागिले ३५, म्हणजे महिन्याला २,८३१ डबे. सव्वीस दिवस धरले तर रोज १०९ डबे विकल्यावर ताईंच्या हातात पहिला रुपया येणार.

दुसरा गाळा आतल्या गल्लीत. भाडं १८,०००, मालकाची नोंदणी नाही. वीज ५,०००, एक मदतनीस १३,०००, दोन लाखांचं काम म्हणून महिना ५,५००, एक लाख डिपॉझिटचे १,०००. एकूण ४२,५००. रोज ४७ डबे.

१०९ आणि ४७. आता प्रश्न असा विचारायचा की मेन रोडवर असल्यामुळे रोज ६२ डबे जास्त जाणार आहेत का? ताईंनी दोन दिवस दुपारी बारा ते दोन त्या टॉवरच्या गेटसमोर उभं राहून पायी बाहेर पडणारी माणसं मोजली. जवळपास सगळे कर्मचारी, आणि बहुतेकांच्या हातात घरचा डबा. त्यांनी मेन रोडचा गाळा सोडला. आतल्या गाळ्याची बोलणी चालू आहेत, तोवर घरून अठरा डबे जातात.

जीएसटीचा एक मुद्दा इथेच सांगतो. तुम्ही स्वतः नोंदणीकृत असाल आणि मालक नसेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून दुकानाच्या भाड्यावरचा १८ टक्के कर तुम्हाला रिव्हर्स चार्जने भरावा लागतो. कंपोझिशन योजनेतल्यांना जानेवारी २०२५ पासून यातून वगळलं आहे. मालक म्हणाला "माझ्याकडे जीएसटी नाही", तरी तुमचा सीए काय म्हणतो ते ऐका.

हातात कागद कोणता आहे

आता खरा नाजूक भाग. गाळा तोच, रस्ता तोच, पण इमारत पाडायची वेळ आली की तुमच्या हातातला कागद ठरवतो तुम्ही परत याल की नाही.

पागडीचा गाळा असेल तर तुम्ही कायद्याने भाडेकरू. १९४७ च्या जुन्या कायद्यात पागडी घेणं बेकायदा होतं, तरी सर्रास चालायचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ ने ते वैध केलं. गाळा दुसऱ्याला देताना मालकाला रकमेतला साधारण एक तृतीयांश हिस्सा द्यायचा रिवाज आहे. जुन्या उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास नियम ३३(७) खाली झाला तर घरवाल्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट मिळतात. दुकानदाराला मात्र जेवढी जागा होती तेवढीच. ऐंशी फुटांचा गाळा असेल तर ऐंशीच. आणि नियमातला हा आकडा क्षेत्रफळाचा आहे. तुमचं तोंड कुठल्या रस्त्याला, हे त्यातून ठरत नाही. मेन रोडवरचं तुमचं शटर नव्या इमारतीत मागच्या बाजूला, पार्किंगच्या कडेला किंवा पहिल्या मजल्यावर गेलं तर ऐंशी फूट बरोबर मिळतील आणि धंदा मरेल. म्हणून बिल्डरबरोबरच्या पर्यायी जागेच्या करारात नकाशा जोडून घ्या: कुठला गाळा, कुठल्या रस्त्याला तोंड, शटरची रुंदी, छताची उंची. पोटमाळा कागदावर नसेल तर तो धरला जाईल अशा भ्रमात राहू नका. मधल्या वर्षांचं भाडं घरवाल्यांच्या दराने घेऊ नका, कारण तुम्हाला पर्यायी घर नाही, पर्यायी गाळा शोधायचाय. आणि सहीआधी आपला वकील. सोसायटीचा किंवा बिल्डरने "हा आपलाच माणूस" म्हणून आणलेला नाही.

लिव्ह अँड लायसन्सवर असाल तर सरळ ऐका: इमारत पाडली की नवी जागा मालकाला किंवा मूळ भाडेकरूला मिळते. तुम्हाला काही नाही. गाळ्यावर तुम्ही किती खर्च केला याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं. ज्या इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत (चहाच्या टपरीवर विचारा, तिथे सगळं कळतं) तिथे ११ महिन्यांच्या करारावर चार लाखांचं फर्निचर करू नका. उचलून नेता येईल असंच सामान घ्या. करारात लिहून घ्या की पुनर्विकासामुळे गाळा सोडावा लागला तर किती महिन्यांची नोटीस आणि डिपॉझिट कधी परत. लॉक-इन फक्त तुमच्यावर नको, मालकावरही हवं. करार नोंदणीकृत हवाच. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी करून घेणं ही मालकाची जबाबदारी आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत वापरणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मुद्रांक शुल्कही फार नाही, एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्के वार्षिक व्याज मिळून जी रक्कम होते तिच्या ०.२५ टक्के. त्यासाठी कोणी टाळाटाळ करत असेल तर कारण दुसरं आहे.

नव्या इमारतीच्या खाली स्वतःचा गाळा विकत घ्यायचा विचार असेल, तर त्यावर वेगळा व्हिडिओ करू. आत्ता एवढंच: खाण्याचा धंदा करणार असाल तर धूर बाहेर न्यायची वाट आणि अग्निशमनाची परवानगी हे पैसे देण्याआधी बघा, नंतर नाही. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलच्या आवारातल्या आगीत १४ माणसं गेली.

रस्ता बंद झाला तर?

शेवटचा मुद्दा, जो भाड्याच्या बोलणीत कोणीच काढत नाही. लोअर परळचा डिलाईल रोडचा पूल जुलै २०१८ मध्ये बंद झाला आणि पूर्ण सुरू व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. पाच वर्षांहून जास्त. पुलावरून येणारी वर्दळ दुसरीकडे वळली, आणि भाड्याचा आकडा मात्र करारात जसाच्या तसा. वस्ती बदलते तेव्हा पूल, गटारं, मेट्रो, रस्ते सगळं एकदम खोदलं जातं. वॉर्ड ऑफिसात जाऊन तुमच्या रस्त्यावर काय काम मंजूर आहे ते विचारा. आणि करारात एक ओळ मागून बघा: सार्वजनिक कामामुळे गाळ्यासमोरचा रस्ता ९० दिवसांपेक्षा जास्त बंद राहिला तर तेवढ्या काळापुरतं भाडं इतके टक्के कमी. दहातले आठ मालक नाही म्हणतील. दोघं "बघू" म्हणतील, त्यांच्याशी बोलणी पुढे न्या.

लालबागकरांना हे नवीन नाही. १९३२ मध्ये पेरू चाळीतला बाजार बंद झाला तेव्हा तिथले कोळी आणि विक्रेते रस्त्यावर आले होते. हक्काच्या जागेसाठी त्यांनी नवस बोलला, जागा मिळाली, आणि १९३४ मध्ये गणपती बसवला. तोच लालबागचा राजा. आपण नवस बोलूच, पण नोंदणीकृत करार आणि नकाशा आधी घेऊ.

तुमच्या गाळ्याचं भाडं, डिपॉझिट, कराराची मुदत आणि एका विक्रीमागे उरणारे पैसे, हे चार आकडे एका कागदावर लिहून तयार ठेवा. पुढच्या व्हिडिओत तीन दुकानांचे हिशोब मी थेट फळ्यावर मांडणार आहे: एक सलून, एक हार्डवेअर, एक टिफिन. तुमच्या आकड्यांशी ताडून बघता येईल.